नाकातले स्वॅब गोळा करायला पीएचडी कशाला?

नाव छापू नका असं लिहिलंयस, म्हणून नुसतं 'तू' म्हणते. बाकीच्यांसाठी पत्रातली गोष्ट थोडक्यात अशी. मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी, मग हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बेंचवर नोकरी, आणि आता पीएचडीच्या दोन जागा एकदम समोर आल्यात. एक नावाजलेल्या लॅबमध्ये, न्यूमोकॉकस या न्यूमोनिया करणाऱ्या जंतूच्या एका प्रोटीनवर काम, सगळं एसीत आणि मागशील ते मशीन हजर. दुसरी लांबच्या एका फील्ड साइटवर, जिथे न्यूमोकॉकसची लस सुरू होऊन काही वर्षं झालीत आणि आता लहान मुलांच्या नाकात त्याचे कोणकोणते प्रकार उरलेत ते बघायचंय. तुझा ओढा दुसरीकडे आहे. पण तुझे सर म्हणाले, "नाकातले स्वॅब गोळा करायला पीएचडी कशाला, ते टेक्निशियनचं काम." घरचे म्हणतात लस आली ना आता, मग शोधायचं काय राहिलंय. आणि तुझी स्वतःची भीती अशी की राबायचं आपण आणि पेपरवर पहिलं नाव लांब कुठेतरी बसलेल्या भलत्याच माणसाचं.

उत्तर आधीच सांगून टाकते. दुसरी जागा घे. पण हो म्हणायच्या आधी तिथल्या लोकांना काही प्रश्न विचार, ते पुढे लिहिलेत, आणि त्यांची उत्तरं गोलमाल आली तर सरळ पहिली घे आणि वाईट वाटून घेऊ नकोस.

आता सरांचं म्हणणं. स्वॅब घेणं हे टेक्निशियनचं काम आहे हे खरंच, आणि मुरलेला टेक्निशियन ते तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं करतो हेही खरं. पण तो घ्यायचा कशासाठी, हे सरांनी बहुतेक डोक्यातच घेतलेलं नाही. न्यूमोकॉकस मुळात नाकात राहणारा जंतू. गरीब भागांत बाळ काही महिन्यांचं होतंय तोवर बहुतेकदा तो नाकात पोचलेला असतो, आणि बऱ्याचदा काही न करता राहतो, जातो, त्याच्या जागी दुसरा येतो. न्यूमोनिया किंवा मेंदूज्वर होणं हे त्या मानाने क्वचित. पण एका मुलाकडून दुसऱ्याकडे तो जातो तो नाकातूनच, आणि कॉन्जुगेट लसीची, म्हणजे जंतूच्या आवरणातली साखर प्रोटीनला जोडून केलेल्या लसीची, खरी कमाई ही की टोचलेल्या मुलाच्या नाकातूनसुद्धा ती लसीतले प्रकार कमी करते, त्यामुळे अजून लस न मिळालेली तान्ही बाळं आणि घरातली म्हातारी माणसंही वाचतात. लस वस्तीत काम करतेय की नाही हे आजारी मुलं मोजून कळायला कितीतरी वर्षं आणि भलीमोठी लोकसंख्या लागते. नाकात ते आधी दिसतं.

आणि ते सगळीकडे सारखं दिसत नाही, खरी मेख तिथेच आहे. केनियातल्या किलिफीत 2011 च्या जानेवारीत 10 प्रकारांपासून वाचवणारी लस आली, तान्ह्या बाळांबरोबर पाच वर्षांखालच्या मोठ्या मुलांनाही सुरुवातीलाच मोहीम काढून दिली, आणि पुढच्या काही वर्षांत त्या वयातला लसीतल्या प्रकारांचा गंभीर आजार 92 टक्क्यांनी खाली आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मलावीत 13 प्रकारांची लस सुरू झाली. डोसच्या वेळा त्याच, सहा, दहा आणि चौदा आठवडे, लस घेणाऱ्यांचं प्रमाणही चांगलं. तरी तिथल्या ब्लँटायर शहरात वर्षानुवर्षं नाकं तपासली तर लसीतलेच प्रकार मुलांच्या नाकात ठाण मांडून बसलेले. का? मोठ्या मुलांना सुरुवातीला सरसकट लस दिली नाही म्हणून? तिथे संसर्गाचा जोरच जास्त म्हणून? की नाकात तयार होणारं संरक्षण लवकर ओसरतं म्हणून? याचं उत्तर कुठलंही मशीन आपणहून देत नाही. हा प्रश्न जगाला पडला तोच मुळी कुणीतरी स्वॅबचं कंटाळवाणं काम वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने केलं म्हणून.

'एकाच पद्धतीने' हे किती अवघड आहे ते बाहेरच्यांना कळत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते, तुला यातलं बरंच माहीत असेल, पण हे उतारे सरांना दाखवायला उपयोगी पडतील. स्वॅब नाकाच्या अगदी मागच्या भिंतीपर्यंत न्यायचा, मग स्किम मिल्क, ट्रिप्टोन, ग्लुकोज आणि ग्लिसरॉल घातलेल्या बाटलीत टाकायचा, थंड ठेवायचा आणि आठ तासांच्या आत उणे 70 किंवा त्याखालच्या फ्रीझरमध्ये पोचवायचा. म्हणजे तुझ्या अभ्यासात कुठलं गाव घ्यायचं हे निम्मंअर्धं बर्फाचा डबा आणि गाडीचा ड्रायव्हर ठरवणार. मग बाकीचे जंतू दाबणारं जेंटामायसिन घातलेल्या ब्लड अगारवर, म्हणजे रक्त मिसळलेल्या जेलीच्या प्लेटवर, लावायचं, त्याला थोडा कार्बन डायऑक्साइड लागतो, तसा इन्क्युबेटर नसेल तर घट्ट झाकणाच्या बरणीत मेणबत्ती पेटवून ठेवतात आणि ते खरंच चालतं, हसू नकोस. रक्त मेंढीचं किंवा घोड्याचं हवं. ब्लड बँकेतलं मुदत संपलेलं माणसाचं रक्त फुकट मिळतं म्हणून वापरायचा मोह सगळ्यांना होतो, पण त्यात अँटीबॉडी असतात, औषधांचे अंश असू शकतात, हेमोलायसिस (जंतूने रक्तपेशी फोडणं) धड दिसत नाही, वाढ कमी येते आणि मग आपण खुशाल लिहितो की जंतूचं प्रमाण घटलं. म्हणून असल्या ठिकाणच्या कितीतरी लॅब स्वतःच्या मेंढ्या पाळतात, आणि मेंढी आजारी पडली की त्या आठवड्याचं सगळं वेळापत्रक कोलमडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट उजेडात तिरकी धरून बघायची. भोवती हिरवट कडा आणि मधे खळगा पडलेली चपटी कॉलनी, सोंगटीसारखी. ऑप्टोचिन या रसायनाची चकती ठेवली असेल तर तिच्याभोवती वाढ न झालेलं वर्तुळ पट्टीने मोजायचं, 14 मिलिमीटर किंवा जास्त आलं तर न्यूमोकॉकस, 9 ते 13 आलं तर लगेच निकाल द्यायचा नाही, पित्तात विरघळतो का ते बघायचं. आणि एवढं करून एका मुलाच्या नाकात दोन-तीन प्रकार एकदम असू शकतात, तू फक्त एक कॉलनी उचललीस तर बाकीचे सुटले. आता समज पहिल्या वर्षी एकेक कॉलनी उचलली आणि तिसऱ्या वर्षी नवीन आलेल्या मुलाने सगळी वाढ एकदम खरवडून घेतली, तर ग्राफ वर जाणार आणि त्यात लसीचा काडीचा संबंध नसणार. हे ओळखणं, आधीच टाळणं आणि टाळलंय हे दाखवून देता येणं, याला पीएचडी म्हणत नसतील तर मग कशाला म्हणतात ते सरांनी सांगावं.

अजून एक गोष्ट सरांना हळूच सांग. ते ज्या दिशेच्या कामाकडे तुला ढकलतायत ना, प्रोटीनवरच्या लसी, त्यामागची कल्पना चांगलीच आहे, की सगळ्या प्रकारांत सारखं असलेलं प्रोटीन घेतलं तर प्रकारांची भानगडच नको. तशी एक लस गॅम्बियातल्या बाळांमध्ये तपासून झाली आणि नाकातल्या न्यूमोकॉकसवर तिचा परिणाम दिसला नाही, 2017 मध्ये ते छापूनही आलं. कळलं कशावरून? स्वॅबवरून. मी प्रोटीनच्या लॅबला नावं ठेवत नाहीये, पुढची कल्पना तिथूनच येईल कदाचित, पण तिची शेवटची परीक्षा कुठे होणार ते लक्षात ठेव.

आता घरचे. 'लस आली, आता काय उरलं' हे फक्त तुझ्याच घरी बोलतात असं नाही, पैसे देणारेसुद्धा हेच बोलतात फक्त भाषा गुळगुळीत असते. न्यूमोकॉकसचे शंभरावर प्रकार आहेत आणि गरीब देशांत वापरात असलेल्या बहुतेक लसी 10 किंवा 13 प्रकारांच्या. अमेरिकेत 2000 साली 7 प्रकारांची लस आली, ते सात मागे हटले आणि लसीत नसलेला 19ए हा प्रकार पुढे सरकला, मग 2010 मध्ये त्याला आत घेणारी 13 ची लस आणावी लागली. पाहत राहिलं नसतं तर कळलं नसतं. आणि पाहणंही वाटतं तितकं सोपं नाही, प्रकार 1 आफ्रिकेत मेंदूज्वराच्या साथी आणतो पण नाकात तो क्वचितच सापडतो, म्हणजे फक्त नाकं बघत बसलीस तर तो तुला चकवणार. तिथे रक्ताची आणि पाठीच्या पाण्याची कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) चांगली करणारं हॉस्पिटल जोडीला हवंच. साइटवर तसं आहे का, हे विचारायच्या यादीत आत्ताच टाक.

मग डोसचा प्रश्न. ब्रिटनने 2020 पासून बाळांचे डोस कमी केले, एक लहानपणी आणि एक वर्षाचं झाल्यावर. तिथे वस्तीत लसीतले प्रकार जवळपास संपले होते म्हणून हे जमलं. ज्या देशांना लसीचा खर्च जड जातो त्यांनाही एक डोस वाचवायचाय, पण ज्यांच्या मुलांच्या नाकात ते प्रकार अजून फिरतायत त्यांनी असं केलं तर काय होईल? कागदावर बसून हे सांगता येत नाही, आणि तुझ्यासारखीने गोळा केलेला डेटा इथे थेट एखाद्या मंत्रालयाच्या टेबलावर जातो. लसीच्या किमतीचंही तेच. गरीब देशांना परवडेल अशा दरात लस मिळावी म्हणून 2009 मध्ये दीड अब्ज डॉलरची आगाऊ खरेदीची हमी दिली गेली, आणि 2019 च्या डिसेंबरमध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या न्यूमोसिल या लसीला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, गरीब देशांना लसी मिळवून देणाऱ्या गाव्ही या संस्थेसाठी डोस तेव्हा 2 डॉलरला. तिच्यातले 10 प्रकार आशिया-आफ्रिकेत कुठले जास्त आजार करतात ते बघून निवडलेले आहेत. ती यादी आकाशातून नाही पडली, तुझ्यासारख्यांच्या प्लेटांवरून तयार झाली, आणि तिची मोठी चाचणीही गॅम्बियातच झाली.

आणि श्वसनाचे आजार म्हणजे फक्त न्यूमोकॉकस नाही. मुलाला न्यूमोनिया कशाने झाला हे शोधणं किती किचकट आहे ते बघ, फुफ्फुसातून सुईने पाणी काढणं दर मुलात करता येत नाही, रक्ताच्या कल्चरमध्ये थोड्याच मुलांत काही उगवतं, त्यात हॉस्पिटलला यायच्या आधी कुणीतरी अँटिबायोटिक दिलेलं असतंच. यावर एक भन्नाट उलटी युक्ती निघाली, ती मला या क्षेत्रातली सगळ्यात आवडती. जंतू सापडत नसेल तर लस द्या आणि आजार किती घटला ते मोजा, जेवढा घटला तेवढा तरी त्या जंतूचा होता. गॅम्बियात 17 हजारांवर मुलांमध्ये 9 प्रकारांच्या लसीची चाचणी झाली, 2005 मध्ये निकाल आला. लसीतल्या प्रकारांचा गंभीर आजार 77 टक्के कमी, एक्स-रेवर दिसणारा न्यूमोनिया 37 टक्के कमी, आणि मुलांचे एकूण मृत्यूच 16 टक्के कमी. या शेवटच्या आकड्याने कितीतरी सरकारांचे निर्णय फिरले, आणि तो कुठल्याही कल्चरमधून कधीच निघाला नसता. दक्षिण आफ्रिकेत सोवेटोत शाबिर माधी आणि कीथ क्लुगमन या संशोधकांनी त्याच लसीवरून दाखवलं की व्हायरस सापडलेल्या न्यूमोनियाचंही हॉस्पिटलात येणं 31 टक्क्यांनी घटतं. बॅक्टेरियाची लस आणि व्हायरसचा न्यूमोनिया कमी! म्हणजे दोघं मिळून घोळ घालतात.

पुढे मुलांच्या न्यूमोनियाची कारणं शोधायला सात देशांत मिळून झालेल्या पर्च (PERCH) नावाच्या अभ्यासात हॉस्पिटलात भरती झालेली 4,232 आजारी मुलं बघितली आणि 2019 मध्ये छापलं की कारणांत आरएसव्ही हा व्हायरस एकटा साधारण 31 टक्के. आता 2023 पासून गरोदरपणात द्यायची आरएसव्हीची लस आहे, बाळाला थेट द्यायची अँटीबॉडीही आहे. पण आरएसव्हीने दगावणारी जवळपास सगळी बाळं गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली, आणि या गोष्टी आधी पोचल्या श्रीमंत देशांत. तुझी पीएचडी होईपर्यंत हे काम ऐन जोरात असेल. घरच्यांना एवढं पुरे.

आता तुझी स्वतःची भीती, ती मला तिन्हींत सगळ्यात खरी वाटते. सँपल एका देशात आणि नाव दुसऱ्या देशात, हे झालंय आणि होतं. 2007 मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे व्हायरस बाहेर द्यायचे थांबवले होते, कारण त्यांच्याच रुग्णांतल्या व्हायरसवरून लस बनणार आणि ती त्यांनाच परवडणार नाही. तेव्हा बऱ्याच जणांनी त्यांना बेजबाबदार म्हटलं, पण त्या भांडणातूनच 2011 मध्ये फ्लूच्या व्हायरसच्या देवाणघेवाणीचे नियम आले. देशांचं हे, मग एका पीएचडीच्या मुलीचं काय. म्हणून विचारून घ्यायचं, आणि भिडेखातर गप्प बसायचं नाही.

सँपल कायमचं कुठे राहणार आणि ते बाहेर जाताना सही कुणाची, हे पहिलं. बाहेर जाणं हेच वाईट असं नाही हं, काही तपासण्या खरंच तिथे होत नसतात, प्रकार ओळखायचे सिरम डेन्मार्कहून येतात आणि महाग असतात, सिक्वेन्सिंगला, म्हणजे जंतूचा डीएनए वाचायला, कुणाला तरी पाठवावं लागतं. पण पाठवलेल्याचा अर्धा भाग इथल्या फ्रीझरमध्ये राहतो का? दुसरं, डेटाचं विश्लेषण कोण करणार. यावर 'आमचा स्टॅटिस्टिशियन बघेल' असं उत्तर आलं तर कान टवकार, कारण जो विश्लेषण करतो तोच पेपर लिहितो आणि जो लिहितो त्याचंच पहिलं नाव. त्यामुळे 'आर' (R) हे आकड्यांच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर शिकायला आजपासून लाग, सिक्वेन्सचा डेटा स्वतः वाचता येईल इतकं तरी. तिसरं, आधीच्या पीएचडीची मुलं आता कुठे आहेत ते विचार आणि त्यांच्यातल्या एकीला तरी गाईडला न सांगता फोन कर. माझ्या मते बाकी सगळ्या चौकश्यांपेक्षा हा फोन जास्त कामाचा. आणि ग्रँट कधी संपते, तुझी फेलोशिप त्याच ग्रँटमध्ये आहे की वेगळी, हे तारखेसकट लेखी माग. या क्षेत्रात पैसा बाहेरून येतो आणि तो एका भाषणात आटू शकतो, 2025 च्या जूनमध्ये अमेरिकेने गाव्हीला यापुढे पैसे देणार नाही म्हणून जाहीर केलं ते तू वाचलंच असशील.

कारण हेही स्पष्ट लिहायला हवं, की या करिअरमध्ये पक्की नोकरी उशिरा मिळते. कॉन्ट्रॅक्टवर कॉन्ट्रॅक्ट. तुझ्याकडे हॉस्पिटल बेंचचा अनुभव आहे ही मात्र मोठी जमेची बाजू, ग्रॅम स्टेन आणि प्लेट वाचायला हात आणि डोळा दोन्ही बसलेली माणसं आता कमी होत चाललीत, सगळ्यांना पीसीआर येतं. क्वालिटी कंट्रोल, नॅशनल रेफरन्स लॅब, लसीच्या चाचण्यांची लॅब, सगळीकडे तुझ्यासारखी माणसं लागतात, त्यामुळे उपाशी राहणार नाहीस.

आयांबद्दल एक शब्द. निरोगी मुलाच्या नाकात काडी घालायची, मूल रडून गोंधळ घालणार आणि त्यातून त्या मुलाला फायदा शून्य. हे आईला तसंच सांगावं लागतं, 'तुमच्या बाळाच्या भल्यासाठी' असं सांगून सही घ्यायची नाही, कितीही सोपं वाटलं तरी. ज्या टीममध्ये असं सर्रास बोललं जातं तिथला डेटाही मी जपूनच वाचते.

म्हणून हो म्हणायच्या आधी दोन-तीन दिवस तिथे जाऊन ये, स्वतःच्या खर्चाने जावं लागलं तरी. गाईड तुला नवीन मशीन दाखवतील, ते बघ आणि कौतुक कर. मग उणे 80 च्या फ्रीझरजवळ तापमानाची वही लटकवलेली असते ती उघड. रोज सकाळ-संध्याकाळ, रविवारी आणि सुट्टीलासुद्धा, वेगवेगळ्या अक्षरांत आणि कमीजास्त आकडे असतील तर बरं. सगळं एकाच पेनाने, एकाच अक्षरात आणि प्रत्येक ओळीत बरोब्बर उणे 80 असेल, तर ती वही महिन्याच्या शेवटी एकदम भरलीय. लाइट गेल्यावर जनरेटर कोण सुरू करतं आणि रात्री अलार्म कुणाच्या फोनवर वाजतो तेही विचार, त्या माणसाचं नाव पटकन आलं पाहिजे. मग सकाळी टेक्निशियनच्या बाजूला बसून त्याच्याबरोबर प्लेटा वाच, आधी तू सांग मग त्याला सांगू दे. तुमचं जुळलं नाही तर तो काय करतो ते बघ. वैतागतो, की दोघांनी मिळून परत बघू म्हणतो?

आल्यावर लिही काय काय दिसलं ते. आणि ऑफर लेटर आलं की त्यातला ऑथरशिपचा परिच्छेद सही करायच्या आधी मला पाठव, तसा परिच्छेदच नसेल तर तेही कळव, मग काय घालून मागायचं ते सांगते.